आईचा मान आणि मुलीचे दुःख

वाचनासाठी : निर्गम २०:१२, २ शमुवेल १:१७-२७, यशया ४९:१५, मार्क ११:२५

हुबळीच्या दाजीबानपेठेत दुकानांच्या गर्दीतून वाट काढीत गेल्यावर आतल्या एका बोळात एक ख्रिस्ती कुटुंब राहते. मूळचे ते मिरजेकडील. आजोबा रेल्वेच्या कारखान्यात नोकरीस लागले आणि कुटुंब हुबळीचेच झाले. धारवाडात १८३७ साली व हुबळीत १८३९ साली बाझल मिशनचे काम सुरू झाले ते कन्नड भाषेत. त्यामुळे या कुटुंबाची रविवारची उपासना कन्नडात होते, पण संध्याकाळची घरची प्रार्थना अजूनही मराठीत चालते. काही महिन्यांपूर्वी आम्ही दोन दिवस त्यांच्याकडे उतरलो होतो. घरातील बहीण शब्बाथशाळेत अनेक वर्षे शिकवीत आहेत. त्यांच्याशी झालेले बोलणे आम्ही त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असा तपशील गाळून येथे देत आहोत. कारण त्यांना पडलेला प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही, अशी आमची खात्री आहे.

संध्याकाळची प्रार्थना झाली होती. पेठेत तुळजाभवानीचे देऊळ आहे. तिकडे जाणाऱ्या बायामाणसांच्या तोंडची ‘आई, आई’ ही हाक खिडकीतून ऐकू येत होती. त्या बहीण थोडा वेळ गप्प बसल्या, आणि मग म्हणाल्या, “काका, एक विचारू का? पुढच्या महिन्यात आईला जाऊन वर्ष होतं. भाऊ म्हणतो, मासिकात स्मरणाची चौकट द्यायची, मजकूर तू लिही. मी चार वेळा कागद घेऊन बसले. ‘प्रेमळ आई’ हे दोन शब्द लिहायला हात पुढं जात नाही. मी आईसाठी रडलेही नाही. अजूनपर्यंत नाही. हे पाप आहे का?”

मग त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. चार भावंडांत त्या थोरल्या. दहावीनंतर त्यांची शाळा सुटली, कारण धाकट्यांना सांभाळायला घरात कोणीतरी हवे होते. हिच्या जन्मापासूनच घराला उतरती कळा लागली, असे आई पाहुण्यांच्या देखत बोलून दाखवी. पुढे आई अंथरुणाला खिळली तेव्हा तीन वर्षे तिचे सर्व काही याच मुलीने केले. खाऊ घालणे, अंग पुसणे, रात्री दोनदोन वेळा उठून चादर बदलणे, काहीही चुकविले नाही. त्या तीन वर्षांत आईच्या तोंडून एकही बरा शब्द निघाला नाही. शेवटच्या आठवड्यात ती पुण्याच्या मुलाचे नाव घेत राहिली. दफनविधीच्या वेळी मंडळीतील अनेकांनी तिची स्तुती केली. स्त्रियांच्या मंडळात तिने खरोखरच पुष्कळ काम केले होते, तेव्हा ती स्तुती खोटी नव्हती. “पण मी तिथं उभी होते आणि मला वाटत होतं, हे दुसऱ्याच कुणाच्या आईविषयी बोलताहेत,” असे त्या म्हणाल्या.

त्यांच्या हातात एक पुस्तक होते. धाकटी मुलगी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी विषय घेऊन बी. ए. करते. तिच्या अभ्यासासाठी आणलेली ही कादंबरी. मुलीने रोज रात्री थोडी वाचावी आणि आईला मराठीत समजावून सांगावी, असे पंधरा दिवस चालले होते. शेवटचे पान झाले त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. “या बाईला कसं कळलं?” एवढेच त्या आम्हास म्हणाल्या.

ती कादंबरी म्हणजे शशी देशपांडे यांची ‘द डार्क होल्ड्स नो टेरर्स’. ती १९८० साली प्रसिद्ध झाली. लेखिका या भागातल्याच. त्यांचा जन्म १९३८ साली धारवाडास झाला. वडील आद्य रंगाचार्य हे ‘श्रीरंग’ या नावाने प्रसिद्ध असलेले कन्नड नाटककार, आणि आईची भाषा मराठी. लेखन मात्र त्यांनी इंग्रजीत केले. पुढे १९९० साली त्यांच्या दुसऱ्या एका कादंबरीस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही कादंबरी ख्रिस्ती माणसाने लिहिलेली नाही, आणि तिच्यात आपल्या धर्माची शिकवण शोधण्याचे कारणही नाही. परंतु माणसाच्या मनाची जी जखम तिच्यात उघडी केली आहे, तशी जखम बाकावर आपल्या शेजारी बसणाऱ्या कित्येकांच्या मनात असते. म्हणून आपण ती जाणून घ्यावी.

कथा सरिता नावाच्या स्त्रीची आहे. घरातले तिला सरू म्हणतात. ती मुंबईत डॉक्टर आहे. लहानपणी तिचा धाकटा भाऊ ध्रुव तिच्यामागून तळ्यापाशी गेला आणि पाण्यात बुडून मेला. त्या दुःखात आईने मुलीलाच मारेकरी ठरविले, आणि तो मेला तर तू का जिवंत राहिलीस, असे तिला विचारले. हा प्रश्न मुलीच्या मनात आयुष्यभर घर करून राहिला. तिने आईच्या विरोधाला न जुमानता वैद्यकीचे शिक्षण घेतले, आईच्या मनाविरुद्ध दुसऱ्या जातीत लग्न केले, आणि माहेर तुटले. लग्नही सुखाचे झाले नाही. दिवसा सभ्य असणारा नवरा रात्री तिचा छळ करतो. अशा स्थितीत तिला त्रयस्थाकडून कळते की, आपली आई कर्करोगाने गेली. डॉक्टर असलेल्या मुलीला आजारपणात कोणी बोलाविले नव्हते. मला मुलगी नाही, असे आईने लोकांना सांगून टाकले होते. पंधरा वर्षांनी सरू वडिलांच्या घरी परतते. जिच्याशी भांडायचे होते, जिच्याकडून एक शब्द ऐकायचा होता, ती आता तेथे नाही. कादंबरीत घडते ते बहुतेक सारे या रिकाम्या झालेल्या घरातच.

येथे दुःखाचा एक असा प्रकार दिसतो, ज्यासाठी आपल्या मंडळ्यांतून फारशी जागा ठेवलेली नाही. आईवर जिवापाड प्रेम असलेल्या मुलीचे दुःख आपल्याला समजते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपणा सर्वांस ठाऊक आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, आणि त्यामागोमाग आई लक्ष्मीबाई. भुकेने खंगलेल्या आईने खायला मागितले, तेव्हा कोवळ्या वयाच्या रमाबाई भाकरीचा तुकडा मागण्यास एका घरी गेल्या. लाजेने तोंडून शब्द फुटेना. भाकरी मिळाली, पण आईला ती खाण्याचे त्राण उरले नव्हते. आईचे प्रेत नेण्यास पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून रमाबाईंनी स्वतः तिरडीस हात दिला. उंची कमी पडल्यामुळे खांद्याऐवजी डोक्यावर ओझे घेऊन त्या सुमारे तीन मैल चालल्या. पुढे १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले, ते त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केले आणि तिच्या शिकवणुकीचे ऋण मान्य केले.

हे वाचताना कोणाचेही डोळे भरून येतील. रमाबाईंनी आईला गमावले, पण आईचे प्रेम त्यांना मिळालेले होते. मृत्यूने ते हिरावून घेतले नाही. दाजीबानपेठेतील आमच्या बहिणीचे दुःख वेगळे आहे. कधी ना कधी आई आपल्याला जवळ घेईल, ही आशाच त्यांच्याबाबतीत मेली. जे मिळाले ते गेल्यावर माणूस रडू शकतो. जे कधी मिळालेच नाही त्यासाठी कसे रडावे, हे कोणी शिकविलेले नसते. म्हणून अश्रू येत नाहीत. भोवतालच्या लोकांना ते कठोरपण वाटते, आणि ज्याचे त्यालाही वाटू लागते की, आपण दगडाचे आहोत.

मग शास्त्राची आज्ञा काय सांगते? आईबापांना मान दे, ही आज्ञा आम्ही सर्वांनी शब्बाथशाळेत पाठ केली आहे. परंतु तिचा अर्थ आपण पुष्कळदा असा लावतो की, आईबापांविषयी मनात सदैव गोड भावना असली पाहिजे आणि त्यांच्याविषयी तोंडातून गोडच शब्द निघाला पाहिजे. मूळ इब्रीत ‘मान दे’ यासाठी जो शब्द आहे त्याचे मूळ ‘वजन’ या अर्थाचे आहे. आईबापांना वजन द्यावे, त्यांना हलके लेखू नये, असा त्याचा भाव आहे. ही आज्ञा केवळ लहान मुलांना दिलेली नाही. जाणत्या झालेल्या मुलांनी थकलेल्या आईबापांचे काय करावे, हा तिचा एक मोठा विषय आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने ही आज्ञा उचलली ती नेमकी याच अर्थाने. देवाला अर्पण केल्याचे निमित्त सांगून आईबापांना मदत न करणाऱ्यांस त्याने त्या ठिकाणी दोष दिला. भावनेविषयी त्याने तेथे काही म्हटलेले नाही. करणे आणि न करणे याविषयी म्हटले आहे.

या कसोटीला लावले तर ज्या मुलीने तीन वर्षे रात्री उठून आईची चादर बदलली, तिने पाचवी आज्ञा पाळली की मोडली? आम्हास तर वाटते की, जिला आईकडून प्रेम मिळाले आणि जिने आनंदाने सेवा केली, तिच्यापेक्षा हिचे आज्ञापालन अधिक कष्टाचे होते. अश्रू हे आज्ञापालनाचे प्रमाणपत्र नव्हे. ते येणे न येणे माणसाच्या हाती नाही.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. आईविषयी खरे बोलावे की बोलू नये? मरणाबरोबर वैर संपते, गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असे आपल्याकडे म्हणतात. यात शहाणपण आहे. मृत माणूस आपली बाजू मांडण्यास येऊ शकत नाही, म्हणून त्याच्यावर आरोप करणे अन्यायाचे ठरू शकते. तथापि वाईट बोलू नये, याचा अर्थ खोटे बोलावे असा होत नाही. या दोन्हींच्या मध्ये वाट आहे का?

आम्हास ती वाट दाविदाच्या विलापात सापडते. शौल राजाने दाविदाचा किती छळ केला हे आपण जाणतो. त्याने दाविदावर भाला फेकला, त्याला रानोमाळ पळविले. पण तो दाविदाचा राजा होता, सासरा होता, आणि लहानपणी त्याच्यापुढेच दावीद वीणा वाजवीत असे. गिलबोवाच्या डोंगरावर शौल व योनाथान पडल्याची बातमी आली, तेव्हा दाविदाने दोघांसाठीही विलाप केला. तो विलाप सावकाश वाचून पाहा. शौलाविषयी दावीद त्याचे शौर्य सांगतो, त्याच्या राज्यात इस्राएलाच्या कन्यांना मिळालेल्या ऐश्वर्याची आठवण देतो, बाप व लेक मरणातही एकत्र राहिले असे म्हणतो. हे सर्व खरे होते. पण ‘त्याने माझ्यावर प्रेम केले’ असे दावीद शौलाविषयी म्हणत नाही. प्रेमाचा तो शब्द त्याने योनाथानासाठी राखून ठेवला. त्याच वेळी त्याने फेकलेल्या भाल्याचाही उल्लेख केला नाही. जे खरे होते आणि सांगण्याजोगे होते ते त्याने मोठ्याने सांगितले. जे नव्हते ते जोडले नाही. आणि जे दुखत होते ते लोकांपुढे न मांडता देवापुढे मांडले. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे त्याची साक्ष देतात.

असा विलाप मेलेल्या माणसाला वजन देतो. खोटी स्तुती त्याला हलके करते, कारण मग तो खराखुरा माणूस राहत नाही, चौकटीतील चित्र होतो. सरूच्या आईला ‘प्रेमळ माता’ म्हणणे म्हणजे त्या बाईचे दुःख, तिचा गेलेला मुलगा, तिचा राग, तिचा हट्ट हे सारे पुसून टाकणे होय. मान देणे आणि पुसून टाकणे या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतील?

पवित्र शास्त्र आईपणाविषयी भाबडे नाही, हेही आपण ध्यानात घ्यावे. यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात देव विचारतो की, आई आपल्या तान्ह्या लेकराला विसरेल काय? आपण मनात झटकन ‘नाही’ असे उत्तर देतो. पण देव तेथे थांबत नाही. एखादी विसरूही शकेल, असे तो मान्य करतो, आणि मी मात्र विसरणार नाही, असे वचन देतो. सत्ताविसाव्या स्तोत्राचा कर्ताही आईबापांनी टाकले तरी प्रभू जवळ घेईल, असे म्हणतो. ज्या मुलाला आईने टाकले त्याला शास्त्र असे म्हणत नाही की, ‘तुझी काहीतरी चूक झाली असेल, आई असे करणारच नाही.’ ते म्हणते, असे घडते, आणि घडले तरी तू अनाथ नाहीस.

आता क्षमेचा प्रश्न. सरूला आईकडून क्षमा हवी होती, आणि आईलाही तिने क्षमा करावयास हवी होती. पण दोघींपैकी एक आता नाही. मेलेल्या माणसाला क्षमा करता येते काय? मार्कच्या अकराव्या अध्यायात प्रभू म्हणतो की, प्रार्थनेस उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर त्याची क्षमा करा. ती व्यक्ती समोर असलीच पाहिजे, तिने चूक कबूल केलीच पाहिजे, अशी अट त्याने तेथे घातलेली नाही. क्षमा प्रथम देवापुढे होते. म्हणून ती कबरेच्या अलीकडून पलीकडे गेलेल्या माणसालाही करता येते. मात्र क्षमा करणे म्हणजे झाले ते योग्यच झाले असे म्हणणे नव्हे. जे झाले ते अन्यायाचे होते, असे आधी स्पष्ट म्हणावे लागते. नाहीतर क्षमा तरी कशाची करावयाची? ‘आई चांगलीच होती, मला काही झाले नाही’ असे म्हणणाऱ्याने अजून क्षमा केलेली नसते. त्याने फक्त झाकण ठेवलेले असते.

उलट बाजूने, मेलेल्या माणसाकडून क्षमा मिळविता येत नाही. कबर उत्तर देत नाही. तेथे आपण कितीही फेऱ्या मारल्या, फुले ठेवली, दगडावर सुंदर अक्षरे कोरली, तरी जो शब्द हवा तो मिळणार नाही. अशा वेळी योहानाच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचा आधार आहे. आपले मन आपल्याला दोषी ठरविते तेव्हाही देव आपल्या मनाहून मोठा आहे, आणि तो सर्व जाणतो. सरूचा भाऊ कसा बुडाला हे तो जाणतो, आणि दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर केवढे ओझे टाकले गेले हेही तो जाणतो. आईच्या न्यायालयात जो निकाल लागला तो शेवटचा निकाल नव्हे.

येथे आमची वाट कादंबरीपासून थोडी वेगळी होते. लेखिकेने आरंभी बौद्ध धम्मपदातील विचार घेतला आहे. माणसाने स्वतःचा आसरा स्वतःच व्हावे, दुसरा आसरा नाही, असा त्याचा आशय आहे. सरूही शेवटी याच जाणिवेपाशी येते. नवरा येणार असे कळल्यावर ती प्रथम घाबरून दार उघडू नका म्हणते. वडील तिला सांगतात की, पाठ फिरवून पळू नकोस, वळून तोंड दे. तेवढ्यात शेजारच्या आजारी मुलीसाठी बोलावणे येते, आणि सरू डॉक्टर म्हणून निघते. जाताना, नवरा आला तर त्याला थांबावयास सांगा, असा निरोप वडिलांपाशी ठेवते. ही धीट कृती आहे, आणि आम्ही तिला तुच्छ लेखणार नाही. स्वतःच्या दुःखातून उठून दुसऱ्याच्या लेकराकडे धावणे हे कोणत्याही धर्माच्या माणसाला शोभणारे आहे. वडिलांच्या उपदेशातही शहाणपण आहे. परंतु माणूस स्वतःच स्वतःचा एकमेव आसरा आहे, असे आम्ही म्हणू शकत नाही. ज्याला लहानपणीच ‘तू का जगलास’ असे विचारले गेले, त्याच्यापाशी स्वतःचा आसरा होण्यासाठी भक्कम भिंत उरलेली असते काय? वधस्तंभावरून प्रभूने आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपविले आणि शिष्याला आई दिली. एकटे राहिलेल्यांना त्याने एकमेकांच्या घरी ठेवले. मंडळी म्हणजे हेच घर होय. ते घर जर एखाद्या बहिणीला खरे बोलू देत नसेल, तर ती कादंबरीतच आपले कोणीतरी शोधणार, आणि तिचा दोष काढण्याचा आपणास अधिकार नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांशी येथे दोन शब्द बोलावयाचे आहेत. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अनेक मंडळ्यांतून मातृदिन पाळतात. या दिवसाचा उगमच एका मुलीच्या दुःखात आहे. अमेरिकेतील ॲना जार्व्हिस हिची आई १९०५ साली वारली. आईच्या स्मरणार्थ तिच्या पुढाकाराने १९०८ साली ग्राफ्टन गावच्या मेथडिस्ट मंदिरात उपासना झाली, आणि १९१४ साली तो दिवस त्या देशात सरकारी रीतीने मान्य झाला. पुढे फुले व शुभेच्छापत्रे विकणाऱ्यांनी तो दिवस बळकावला, तेव्हा याच ॲनाने त्याविरुद्ध झगडा केला. एका मुलीने आपल्या एका आईसाठी केलेली ही आठवण होती. ती सर्वांच्या आईवर सरसकट चिकटविण्याची वस्तू नव्हती. तेव्हा त्या रविवारी वर्गातील प्रत्येक मुलाला ‘माझी आई जगात सर्वांत प्रेमळ’ असे लिहावयास लावण्यापूर्वी बाकांवरून एकदा नजर फिरवावी. एखाद्याची आई गेलेली असेल. एखाद्याची आई सोडून गेली असेल. एखाद्याला त्या सकाळीच आईने नको ते बोलून पाठविले असेल. त्याला तेथे खोटे लिहावे लागले, तर देवाच्या घरी खोटे चालते, हाच धडा तो घेऊन जाईल. त्या दिवशी यशयाचे ते वचन शिकवावे. ज्याची आई प्रेमळ आहे त्यालाही ते हवे, आणि ज्याची नाही त्याला तर हवेच हवे.

आणि आईबापांनो, आपल्यासाठीही हा विषय आहे. सरूच्या आईने दुःखाच्या भरात एक वाक्य उच्चारले. ती दुष्ट नव्हती, तिचा मुलगा गेला होता. पण ते वाक्य मुलीने आयुष्यभर वाहिले. रागात, थकव्यात, पाहुण्यांच्या देखत आपण मुलांना जे बोलतो ते आपण संध्याकाळी विसरतो, मुले विसरत नाहीत. मुलांना चिडीस आणू नका, असे इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषिताने बजाविले आहे, आणि ते वचन पाचव्या आज्ञेच्या लगेच पाठोपाठ आले आहे. जे बोलून गेलो ते परत घेण्यास आज वेळ आहे. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेट करण्यास जा, असे प्रभूने सांगितले, त्यात घाई आहे. त्या घाईचे कारण दफनविधीच्या दिवशी कळते.

आमच्या दाजीबानपेठेतील बहिणीकडे परत येऊ. हे सर्व आम्ही त्या रात्री असे नीट मांडून सांगितले नाही. एवढे सुचलेही नाही. दाविदाचा विलाप मात्र आम्ही मिळून वाचला, आणि आईविषयी जे जे खरे आहे ते आधी बोटांवर मोजून पाहा, असे सुचविले. त्या मोजू लागल्या. आईनेच मला प्रार्थना शिकविली. आईने उपाशी राहून आम्हास जेवू घातले. आईचा गळा गोड होता, टिळकांची गीते तिला पुष्कळ पाठ होती. मोजता मोजता त्या थांबल्या आणि म्हणाल्या की, मिरजेच्या मावशीने दफनानंतर एक गोष्ट सांगितली होती. आपल्या जन्माच्या आदल्या वर्षी आईचे पहिले बाळ गेले होते. आई रडू लागली तेव्हा घरच्यांनी व मंडळीतल्यांनी तिला ईयोबाचे वचन ऐकवून गप्प केले. प्रभूने दिले, प्रभूने नेले, आता रडणे म्हणजे अविश्वास. दहा दिवसांनी ती पाणी भरू लागली. त्यानंतर त्या बाळाचे नाव घरात निघाले नाही.

आम्ही सगळे गप्प बसलो. ईयोबाने ते शब्द स्वतः उच्चारले होते, आणि तेही अंगरखा फाडून, जमिनीवर पडून. दुसऱ्याच्या तोंडावर फेकण्यासाठी ते दिलेले नव्हते. त्या तरुण आईला त्या वेळी कोणी पोटभर रडू दिले असते, तर पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुलीकडे तिने वेगळ्या नजरेने पाहिले असते काय? हे देवालाच ठाऊक. आईचे वागणे त्यामुळे योग्य ठरत नाही. पण त्या क्षणी त्या बहिणीला आपली आई प्रथमच एक दुखावलेली मुलगी म्हणून दिसली असावी, कारण त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. आम्ही काही विचारले नाही.

पुढच्या महिन्यात स्मरणाची चौकट छापून आली. तीत ‘प्रेमळ’ हा शब्द नव्हता. आईचे नाव, दोन तारखा, आणि खाली एवढेच : तिने आम्हास प्रार्थना करावयास शिकविले. तिने पुष्कळ सोसले. देवाने तिला व आम्हास क्षमा करून एकमेकांच्या भेटीस आणावे.

वर्षभर ज्या बाईला दोन शब्द लिहिता आले नव्हते, तिने हे लिहिले. पुण्याच्या भावाला तो मजकूर प्रथम रुक्ष वाटला, असे कळते. आम्हास तो आईला दिलेला मान वाटतो.

आपल्या मंडळीत असे न रडलेले कोणी असेल, तर हे प्रभू, त्याच्यापाशी उपदेश घेऊन नव्हे, वेळ घेऊन जाण्याची बुद्धी आम्हास दे. आमेन.